जवसाचे तेल आणि बंदुकीचा दस्ता

कामगार चळवळीतल्या माणसाने बंदुकीवर का बोलावे, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. आमचा संबंध बंदुकीशी नाही. तिच्या लाकडी दस्त्याशी आणि तो घासणाऱ्या हातांशी आहे. काही वर्षांपूर्वी बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका लहान कारखान्यात रात्री आग लागली. विडीचे थोटूक टाकले, असा ठपका ठेवून एका कामगाराला घरी बसवण्यात आले. तो गृहस्थ विडी ओढतच नव्हता. त्याची बाजू मांडण्यासाठी आम्हाला तेलाचा धडा गिरवावा लागला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

चांगला दस्ता अक्रोडाचा. हे लाकूड चिवट असते आणि धक्का सोसते. तरी लाकूड ते लाकूडच. पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. दस्ता हलला की लोखंडी भागाची बैठक बिघडते आणि नेम चुकतो. म्हणून त्याला तेल देतात. ब्रिटिश फौजेच्या ३०३ रायफलीच्या दस्त्यांनाही जवसाचेच तेल देत. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीशी खातो, तेच हे जवस.

तेल वाळते असे आपण म्हणतो. पण ते पाण्यासारखे वाळत नाही. पाणी उडून जाते. हे तेल कोठेही जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते, त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा चिवट थर बनतो. यंत्राच्या तेलात हा गुण नाही. ही एक गोष्ट ध्यानात आली, की कारागिराची सारी रीत उलगडते.

प्रथम तो दस्ता काचकागदाने रेषेच्या दिशेने घासतो. मग ओले फडके फिरवतो. दबलेले तंतू उभे राहतात, ते वाळल्यावर पुन्हा घासतो. नंतर थोडे तेल घेऊन तळहाताने लाकूड ऊन होईपर्यंत चोळतो आणि वर उरलेले पुसून काढतो. दस्त्याच्या मागच्या टोकाशी तंतू कापलेले असतात. तेथून ओल लवकर शिरते, म्हणून तेथे तेल अधिक मुरवतो. थर जाड दिला तर वरची साय धरते, आत चिकट राहते. कारण खाली हवा पोचत नाही. जुन्या कारागिरांचा नियमच आहे: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला, आणि पुढे वर्षातून एकदा.

घाई असणारे ‘डबल बॉईल’ तेल आणतात. त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार असतात. कच्च्या तेलाला कित्येक दिवस लागतात, तेथे हे सुमारे दिवसभरात सुकते.

आता मुख्य मुद्दा. प्राणवायूशी संयोग होताना उष्णता सुटते. दस्त्यावर ती हवेत विरून जाते. पण पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर त्यात हवा शिरते आणि उष्णता कोंडते. बोळा तापतो, तापल्यामुळे क्रिया वाढते, आणि काही तासांत तो आपणहून पेटू शकतो. काडी नको, विडी नको. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत अशाच चिंध्यांनी आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकडी तावदानांना जवसाचे तेल दिले होते. तीन अग्निशामक जवान प्राणास मुकले.

आमच्या कारखान्यातही आग चिंध्यांच्या ढिगातूनच उठली होती. चौकशीत आम्ही हे सर्व मांडले. कामगार कामावर परत आला. सहा आठवड्यांची मजुरी मात्र बुडाली.

उपाय फार स्वस्त आहे. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. सुतार, रंगारी, घरी बॅटला तेल देणारी मुले, सर्वांना हाच नियम. आमची मालकांकडे मागणी एवढीच आहे: तेलाच्या डब्याशेजारी हा दुसरा डबाही ठेवा, आणि आग लागली तर गरिबाच्या तोंडी विडी देण्यापूर्वी कोपऱ्यातल्या चिंध्या पाहा.