मनोविकारशास्त्रातील संशोधन-शिक्षण आणि प्रश्नाची भाषा

हृदयाचा ठोका यंत्राने मोजता येतो, रक्तातील साखर तपासता येते. परंतु भीती, खिन्नता व भास यांचा पत्ता वैद्यास मुख्यतः रुग्णाच्या बोलण्यावरूनच लागतो. मनोविकारशास्त्रात संशोधनाचे पहिले साधन भाषा हे होय. ते हाताळण्याचे शिक्षण तरुण वैद्यांस कसे मिळते, हा प्रश्न म्हणूनच भाषाभ्यासकांनाही विचारार्ह वाटावा.

अशा शिक्षणाच्या संधी आपल्याकडे नाहीत असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी १९७९ साली अल्पकालीन शिष्यवृत्तीची योजना सुरू केली. मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सुमारे दोन महिन्यांत एक लहानसा प्रकल्प पुरा करावयाचा, अशी तिची योजना. पुढे मनोविकारशास्त्राच्या तीन वर्षांच्या एम. डी. अभ्यासक्रमात निवासी वैद्यास प्रबंध लिहावाच लागतो. बंगळूर येथे १९५४ साली स्थापन झालेली व १९७४ पासून 'निम्हान्स' या नावाने ओळखली जाणारी संस्था तर उपचार, अध्यापन व संशोधन ही तिन्ही अंगे एकत्र सांभाळते.

या शिक्षणाचा पहिला धडा असा की, निदान करणारा स्वतःही तपासला गेला पाहिजे. न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णालयांच्या निदानांची तुलना करणारा एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कचे वैद्य छिन्नमनस्कतेचे निदान पुष्कळ अधिक वेळा करीत. संशोधकांनी दोन्हीकडे एकाच ठराविक पद्धतीने मुलाखती घेतल्या, तेव्हा हा फरक बहुतांशी नाहीसा झाला. फरक रुग्णांत कमी आणि वैद्यांच्या परिभाषेत अधिक होता! म्हणूनच नवशिक्या संशोधकांकडून एकाच मुलाखतीचे स्वतंत्रपणे गुणांकन करवून घेतात आणि त्यांचे मतैक्य मोजतात. कोहेन यांनी १९६० साली सुचविलेले 'कॅप्पा' हे परिमाण अशा मतैक्यातून केवळ योगायोगाचा भाग वजा करते.

दुसरा धडा भाषांतराचा. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत केलेल्या छिन्नमनस्कतेच्या प्राथमिक पाहणीत आग्रा हे भारतातील केंद्र होते. तीत एकच मुलाखत-पत्रिका अनेक भाषांत उतरवावी लागली. भाषांतर पारखण्यासाठी ते पुन्हा मूळ भाषेत उलटविण्याची पद्धत रूढ आहे. ती उपयुक्त खरी. तथापि पुरेशी नाही. “तुम्हाला आवाज ऐकू येतात का?” हा प्रश्न घ्या. मराठीत 'आवाज' माणसाचा, तसाच भांड्याचाही. त्यामुळे ज्याचे कान शाबूत आहेत असा कोणीही “हो, येतात की” असे उत्तर देईल. उलट-भाषांतर करणाऱ्यास मात्र संदर्भ ठाऊक असल्याने तो मूळचा अर्थ बिनचूक परत आणतो, आणि दोष झाकलेलाच राहतो. “जवळ कोणी नसताना कोणी बोलल्यासारखे ऐकू येते का?” असे विचारले, तर घोटाळा टळतो. त्याचप्रमाणे 'अपराधीपणाची भावना' या ग्रांथिक शब्दप्रयोगापुढे जी बाई गप्प बसते, तीच “मन खातं का?” या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल.

याहून पुढची पायरी म्हणजे भाषांतर बाजूस ठेवून प्रथम ऐकणे. झिंबाब्वेत शोना भाषकांसाठी १९९० नंतरच्या दशकात तयार झालेली १४ प्रश्नांची पत्रिका लोकांच्याच शब्दांवर उभारलेली आहे. अतिविचाराने मन शिणणे या अर्थाचा 'कुफुंगिसिसा' हा तेथील रूढ शब्द तिच्यात आधारभूत मानला आहे.

निवासी वैद्यापाशी वेळ थोडा असतो. रुग्णसेवा सांभाळून प्रबंध पुरा करावयाचा असतो. साहजिकच तो तयार पत्रिका उचलतो. परंतु प्रश्नच चुकला असेल, तर पुढचे कोणतेही संख्याशास्त्र ती चूक भरून काढू शकत नाही. आजारी माणूस निरोगी म्हणून मोजला जातो आणि उपचारावाचून घरी परततो. प्रत्यक्ष पाहणीपूर्वी आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवावेत व “यातून तुम्हाला काय समजले?” एवढेच विचारावे. या कामास खर्च जवळजवळ नाही. प्रबंधाच्या आराखड्यात या पायरीला स्थान मिळावे आणि तीत भाषाविभागांनी हात द्यावा, हे दोन्ही शास्त्रांच्या हिताचे आहे.