आज्ञाधारक यंत्र व थट्टेखोर पंडित

गणित आणि विनोद यांचें सख्य विळ्याभोपळ्याएवढें, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तेव्हां अहोरात्र आंकडेमोड करणाऱ्या संगणकाच्या राज्यांत हास्याला ठाव कोठला, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. वस्तुस्थिति मात्र अगदीं उलट आहे. या विद्येच्या पंडितांनीं थट्टेचा एक संप्रदायच निर्माण केला असून त्यांत बोधहि पुष्कळ आहे.

या विनोदाचें मूळ यंत्राच्या स्वभावांत आहे. संगणक हा कमालीचा आज्ञाधारक सेवक होय. सांगितलेलें तो अक्षरशः करतो; न सांगितलेलें समजून घेत नाहीं. या धंद्यांत सर्वत्र चालणारी एक गोष्ट आपल्या घरांत अशी सांगतां येईल. पत्नी म्हणते, "येतांना एक नारळ आणा, लिंबें दिसलीं तर सहा आणा." पतिराज सहा नारळ घेऊन परततात. कारण विचारतां उत्तर येतें, "लिंबें दिसलीं ना!" आपल्या बोलण्यांतील अर्धा अर्थ आपण ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर सोंपवीत असतों, हें येथें चटकन् ध्यानांत येतें.

अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत १९७२ सालीं डॉन वुड्स व जेम्स लायन या दोघां विद्यार्थ्यांनीं इतर आज्ञाभाषांची टर उडविण्यासाठीं 'इंटरकॅल' नांवाची भाषा रचली. तींत आज्ञा लिहितांना मधून मधून 'प्लीज' म्हणावें लागतें. तें फार थोडें झालें तर लिहिणारा उद्धट म्हणून काम नाकारलें जातें. फार झालें तर लाळघोट्या म्हणून! वडीलधाऱ्यांच्या घरांत वावरलेल्या आमच्या भगिनींस हा नियम मुळींच नवा वाटणार नाहीं.

यंत्रांतील दोषास 'बग' म्हणजे किडा म्हणण्याचा प्रघात जुना आहे. एडिसननें १८७८ सालच्या एका पत्रांत तो शब्द योजिला होता. पुढें ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्डच्या 'मार्क टू' या यंत्रांत खरोखरीचाच एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून, प्रत्यक्ष किडा मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग, असा शेरा मारून ठेविला. ग्रेस हॉपर या विदुषीनें ही हकीकत सर्वतोमुखी केली, आणि वही पुढें वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत गेली.

प्रोफेसर डोनाल्ड कनूथ यांची रीत तर याहून मनोहर. आपल्या ग्रंथांत चूक दाखविणारास ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देतात. कां, तर संगणकाच्या गणितांत सोळावर आधारलेली मोजणी चालते. सोळांस सोळांनीं गुणिलें कीं २५६, आणि ती संख्या त्या पद्धतींत एकावर दोन पूज्यें देऊन लिहितात. म्हणून २५६ सेंटांचा हा 'सोळापटी' डॉलर! १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया मोडणाऱ्या आपल्या लोकांस ही गंमत समजावयास अवघड नाहीं. पुष्कळांनीं हे धनादेश न वटवितां भिंतीवर लाविले. २००८ पासून कनूथ काल्पनिक पेढीचें प्रमाणपत्र देऊं लागले.

हें केवळ मनोरंजन नव्हे. १९९९ सालीं मंगळाकडे धाडलेलें अमेरिकेचें एक यान नष्ट झालें. एका गटाची आज्ञावली इंग्रजी मापांत आंकडे देत होती आणि दुसरा गट ते मेट्रिक समजत होता. नारळ-लिंबांचाच हा प्रकार. किंमत तेवढी अफाट! आज आपलें निवृत्तिवेतन, आगगाडीचें तिकीट, रुग्णालयांतील तपासणी हीं सारीं अशाच आज्ञांवर चालतात. चूक होणारच, ती लौकर उघडकीस येते कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो. पतंग वहींत चिकटविणारे आणि चुकीस बक्षीस देणारे लोक तिला उघड्यावर आणतात.

आमच्या मतें हा धडा घरासहि लागू आहे. ज्या घरांत सांडलेलें दूध सांगतांच डोळे वटारले जातात, तेथें दूध सांडण्याचें थांबत नाहीं. मुलें फक्त तें पुसून टाकण्यांत तरबेज होतात.