जिमखान्यात घोडा कुठून आला?

ब्रिटनच्या एखाद्या गावात ‘जिमखाना’ भरला, की मुलं तट्टू घेऊन मैदानावर जमतात. ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून तट्टू नागमोडी पळवायचं, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातातल्या चमच्यातलं अंडं पडू द्यायचं नाही, अशा त्या शर्यती. आजच्या ब्रिटिश इंग्रजीत हा शब्द घोडेस्वारीशी असा घट्ट जोडलेला आहे. आपल्याकडे मात्र मुळशीतल्या माले गावापासून मुंबईपर्यंत कुणाला जिमखाना म्हटल्यावर घोडा आठवत नाही. आठवतं ते शाळा-कॉलेजातलं खेळांचं खातं, एखादा क्लब, नाहीतर पुण्यातलं डेक्कन. यावरून आपण एक इंग्रजी शब्द अर्धवट समजून उचलला असं कुणाला वाटेल. पुरावा उलट दिशेने बोट दाखवतो.

यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दाचा माग १८६१ मधल्या रुरकीपर्यंत लागतो. तो मुंबई इलाख्यात घडला असावा आणि रॅकेट-कोर्टाला हिंदीत रूढ असलेल्या ‘गेंदखाना’ या नावावर बेतला असावा, असं कोशकारांचं मत. अर्थ त्यांनी दिला तो खेळांची सोय असलेल्या सार्वजनिक जागेचा. अशा जागी होणारे सामने हा पुढचा अर्थ. याच दुसऱ्या अर्थाने शब्द माल्टाला पोचला आणि १८८१ मध्ये तिथे पोलोच्या तट्टांचा ‘जिमखाना’ भरला. म्हणजे आधी जागा, मग सामने, आणि त्यातून घोडा. पुढे अमेरिकेत आणि जपानमध्ये तर मोटारींच्या कसरतीलाही हेच नाव मिळालं.

‘जिम’ तर ग्रीक मुळाच्या जिमनॅस्टिक्समधलं, मग शब्द इथला कसा, असा आक्षेप येईल. त्या शब्दाच्या प्रभावानेच ‘गेंद’चं ‘जिम’ झालं असणं शक्य आहे, हे कोशकारही मान्य करतात. त्यांची व्युत्पत्ती हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण ‘खाना’ फारसी आहे आणि दवाखाना, कारखाना, तोफखाना यांच्या पंगतीत तो मराठीत कधीचाच बसला आहे. शब्दाचा अर्थ पेलतो तो हा खाना. १८७५ चा बॉम्बे जिमखाना आणि १९०६ चा डेक्कन जिमखाना या दोन्ही नावांत तोच जुना, विस्तृत अर्थ आहे. भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामनाही १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर झाला. तेव्हा मराठीने अर्थ बिघडवला नाही, मूळ अर्थ जपला. म्हणूनच जिमखाना फी घेणाऱ्या प्रत्येक शाळेने मुलांना खेळायला खरीखुरी जागा दिलीच पाहिजे. जागेवाचून हा शब्द पोकळ आहे.