अर्धवट खेळ, पूर्ण वसुली

२० जुलै २०२५ रोजी लातुरात राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोर पत्ते फेकले गेले. राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत होते, या आरोपावरचा तो संताप होता. मंत्र्यांनी आरोप फेटाळला. सुमारे महिनाभरात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि तो योग्यच होता. पण लातूर-नांदेडमध्ये शिकवण्यांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर जे लढाईचे खेळ चालतात, ते या बंदीत येत नाहीत. तिथे पैसे जिंकायचे नसतात, बंदुकीचा रंग नि कपडे यांवर नुसते घालवायचे असतात. आणि ऐन रंगात आलेला डाव अडकतो तो अडकतोच.

याचा दोष प्रोग्रामरच्या आळसाला देणे सोपे आहे. खरा दोष हिशेबाचा आहे. डिस्कवर विकलेल्या खेळातली चूक सहजी सुधारता येत नसे, म्हणून तपासणी आधी व्हायची. आता दुरुस्ती इंटरनेटवरून मागाहून धाडता येते, आणि पैसे मात्र आधीच हाती येतात. पोलंडच्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळाच्या ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली होती. १० डिसेंबर २०२० रोजी आलेला तो खेळ जुन्या प्लेस्टेशनवर इतका बंद पडू लागला, की आठ दिवसांत सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला.

काही बिघाड अटळ असतात, हे मान्यच. मोबाइलची शेकडो मॉडेल्स, कुठे रेंज आहे, कुठे नाही. प्रत्येक अडचण आधी कशी कळणार? पण ‘जीटीए ऑनलाइन’चे उदाहरण पाहा. २०१५ साली संगणकावर आलेला हा खेळ सुरू व्हायलाच कित्येक मिनिटे घेई. २०२१मध्ये बाहेरच्याच एका खेळाडूने कारण हुडकले. खेळातल्या दुकानात सुमारे ६३,००० वस्तू होत्या, आणि प्रत्येक नवी वस्तू नोंदवण्याआधी प्रोग्राम आधीची सगळी यादी पुन्हा चाळत होता. त्याच्या दुरुस्तीने सहा मिनिटांचे काम दोन मिनिटांच्या आत आले. कंपनीने त्याला १०,००० डॉलर दिले आणि काही आठवड्यांत दुरुस्ती सर्वांना पोचवली. जे आठवड्यांत जमले ते सहा वर्षे रखडले, कारण खेळाडू ताटकळत का होईना, येतच होते.

‘खेळ फुकट आहे, मग तक्रार कसली?’ असे विचारले जाते. पण एकदा पैसे भरले की तो पोरगा ग्राहक झाला. ‘फोर्टनाइट’ही फुकटच आहे. तरी त्यात झोपलेला स्क्रीन जागा करताना किंवा शेजारचे बटण चुकून दाबले जाऊनही खरेदी होत होती, असा आक्षेप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने घेतला, आणि २०२२मध्ये कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आपल्याकडेही ग्राहकाला चकवणाऱ्या अशा ऑनलाइन मांडणीविरुद्ध ३० नोव्हेंबर २०२३पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. तेव्हा पालकांनो, पोराला रागावण्याआधी पैसे भरल्याची नोंद आणि बिघाडाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.