वेग बोटीचा आणि वेग आमिषाचा

मिलवॉकी, शिकागो किंवा लडिंग्टनच्या बंदरातून उन्हाळ्यात पहाटे बोटी सुटतात आणि तासाभरात रेडिओवर एकच विचारणा सुरू होते : वेग किती ठेवलाय? उत्तर येतं, दोन पॉइंट पाच. ऐकणारा आपल्या जीपीएसचा आकडा तेवढ्यावर आणून ठेवतो, आणि तरी दुपारपर्यंत त्याच्या गळाचा एकही दांडा हलत नाही. मिशिगन सरोवरातल्या सॅमन आणि लेक ट्राउटच्या मासेमारीबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका सवाल-जवाबातून फुटलेले आहेत. सांगितला जातो तो बोटीचा वेग. माशाचा संबंध येतो तो ऐंशी फूट खाली वळवळत चाललेल्या आमिषाशी, आणि तिथला वेग बहुधा वेगळाच असतो.

बोट संथ चालत ठेवायची आणि मागे निरनिराळ्या खोलीवर आमिषं ओढत न्यायची, याला ट्रोलिंग म्हणतात. कोकणात चालत्या होडीमागे गरी सोडून सुरमई धरणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. मिशिगनमध्ये फरक पडतो तो खोलीचा. उन्हाळ्यात मासा पन्नास, शंभर, कधी दीडशे फुटांवर असतो. तिथवर आमिष न्यायला डाउनरिगर वापरतात. बोटीच्या कडेला बसवलेल्या चाकावरून पाच-सहा किलोचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडतात आणि गळाची दोरी त्याला चिमट्याने अडकवतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि गोळ्याचा अडथळा न होता मासा ओढून घेता येतो.

आता तो अडीच मैलांचा आकडा. सॅमनसाठी ताशी दोन ते तीन मैल, म्हणजे साधारण सव्वातीन ते पावणेपाच किलोमीटर, हा पल्ला बरोबर आहे. चुकतं ते हे, की तो जमिनीच्या हिशेबाने मोजला जातो. जीपीएस उपग्रहांकडून आपली जागा घेतं आणि बोट तळाच्या वरून किती वेगाने सरकली ते सांगतं. पाणी स्वतः वाहत असेल तर ते त्याला कळत नाही. उन्हाळ्यात या सरोवराचे दोन थर पडतात : वर कोमट हलकं पाणी, खाली थंड जड पाणी, आणि मध्ये काही फुटांत तापमान झपाट्याने उतरतं तो पट्टा, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात. वाऱ्याने वरचा थर एका दिशेला ढकलला जातो आणि खालचा अनेकदा दुसऱ्याच दिशेला वाहतो. समजा जीपीएस अडीच दाखवतंय आणि ऐंशी फुटांवर पाऊण मैल वेगाचा प्रवाह समोरून येतोय. आमिषाला पाणी सव्वातीन मैलांनी लागतं. तीच बोट उलट फिरवा, आकडा अडीचच ठेवा, आमिष पावणेदोनवर येतं. उत्तरेकडे जाताना मासे लागतात आणि दक्षिणेकडे परतताना लागत नाहीत, या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. मासे तिथेच असतात, फक्त आमिष मेल्यासारखं चाललेलं असतं.

गोळ्याजवळचा वेग आणि तापमान वर कळवणारी उपकरणं मिळतात. मासेमारीत पैसे घालायचेच असतील तर रंगीबेरंगी आमिषांच्या दहाव्या डबीआधी ते घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते नसेल तर डाउनरिगरची तार पाहावी. वाऱ्यात पतंगाची दोरी जशी तिरपी होते तशी तीही प्रवाहात मागे कलते. एका दिशेला जाताना ती किती कलली ते लक्षात ठेवायचं आणि उलट दिशेला तेवढाच कोन येईपर्यंत इंजिनाचा वेग कमी-जास्त करायचा. आकडा मग दोन येवो वा तीन. त्या कलण्यातच आणखी एक गैरसमज दडलेला आहे : मीटरवर शंभर फूट तार सोडलेली दिसली म्हणजे गोळा शंभर फुटांवर आहे, हा. तार जितकी तिरपी, तितका गोळा वर. शिशाचा गाभा असलेली लेडकोर दोरी तर वेगावर याहून जास्त अवलंबून असते. तिचा रंग दर तीस फुटांनी बदलतो आणि लोक पाच रंग सोडले, सात रंग सोडले अशी भाषा करतात. पण वेग वाढवला की तेच सात रंग वर उचलले जातात.

वळण घेणं हा बिनखर्चाचा प्रयोग आहे, आणि नवखे लोक दोऱ्या गुंततील या भीतीने तोच टाळतात. मोठ्या वर्तुळात वळताना आतल्या बाजूची आमिषं मंदावून खाली जातात, बाहेरची वेग घेऊन वर येतात. बाहेरच्या दांड्याला मासा लागला तर थोडा वेग वाढवून पाहावा, आतल्याला लागला तर कमी करावा. एकदा लागण्याने काही सिद्ध होत नाही, पण दोन-तीन वळणांत एकच बाजू बोलू लागली तर ऐकावं.

“लेक ट्राउट आळशी, म्हणून शक्य तितकं हळू जा” हा सल्ला इतक्यांदा दिला जातो की त्यावर जरा थांबायला हवं. हा मासा काश्मीर-हिमाचलात ब्रिटिशांनी आणून सोडलेल्या ट्राउटपेक्षा निराळा. तो ‘चार’ (char) या गटातला आणि या सरोवराचा मूळ रहिवासी आहे. ताशी दीड ते दोन मैल हा त्याच्यासाठीचा नेहमीचा पल्ला खरा आहे. मात्र ताशी अडीच मैल म्हणजे सेकंदाला मीटरभराहून थोडंसंच जास्त. सत्तर सेंटिमीटरच्या माशाला एवढ्या वेगाचा पाठलाग मुळीच जड नाही. सॅमनसाठी अडीचच्या वर ओढलेल्या स्पूनवर, म्हणजे पत्र्याच्या चमच्यासारख्या आमिषावर, लेक ट्राउट येत राहतात, हे त्या सरोवरावर फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. मग हळू का जायचं? कारण त्याच्यासाठी वापरली जाणारी साधनं हळू चालण्यासाठी घडवलेली आहेत. डॉजर नावाची चकचकीत पट्टी संथ वेगात डावीकडून उजवीकडे डोलते आणि मागच्या आमिषाला झटके देते. वेग फार वाढला की डोलणं सोडून ती गरगरा फिरू लागते आणि दोरीला पीळ पडतो. फ्लॅशर हा तिचा भाऊबंद पूर्ण गिरक्या घेण्यासाठीच बनवलेला असतो आणि त्याला सॅमनचा वेग मानवतो. पातळ पत्र्याचा स्पून हळू ओढला तरी फडफडतो, जाड स्पून तेवढ्याच वेगात नुसता लोंबतो. म्हणजे वेग ठरतो तो हातातल्या साधनावरून. माशाच्या स्वभावाचा भाग आहे, पण तो मुख्यतः पाण्याच्या थंडीचा आहे : एप्रिलमध्ये चार-सहा अंशांच्या पाण्यात सगळेच मासे मंद असतात, आणि तेव्हा कोहोसारख्या चपळ सॅमनसाठीही वेग उतरवावा लागतो.

नवं आमिष पाण्यात सोडण्याआधी बोटीच्या कडेला ओढून त्याची चाल डोळ्यांनी बघावी. ते चांगलं चाललं तेव्हाचा वेग लिहून ठेवावा आणि खाली गोळ्याजवळ तोच वेग मिळवायचा प्रयत्न करावा. एकाच वेळी डॉजर, फ्लॅशर आणि जाड-पातळ स्पून यांची खिचडी ओढली तर कुठलाही एक वेग सगळ्यांना मानवत नाही. त्या दिवशीचा वेग आधी ठरवून त्याला जुळणारी साधनंच लावलेली बरी.

रंगावर जितकी चर्चा होते तितकी या छंदात दुसऱ्या कशावरही होत नाही, आणि रंगाला मी अगदी शेवटची जागा देतो. पाणी प्रकाशातला लाल भाग सर्वांत आधी शोषून घेतं. वीसेक फुटांच्या पलीकडे लाल चमचा काळपट दिसू लागतो. नारिंगी, पिवळा त्यानंतर फिके पडतात. हिरवा आणि निळा सर्वांत खोल पोचतात. ऐंशी फुटांवर लाल ठिपक्यांची नक्षी पाच आहे की सात, याला अर्थ नसतो. उजळ आणि गडद भागांतला फरक मात्र दिसतो. अंधारात चमकणाऱ्या लेपाचे, विजेरीने प्रकाश पाजलेले स्पून पहाटेच्या काळोखात किंवा फार खोलवर खरोखर उपयोगी पडतात. मग लाल आमिष दुकानात ठेवायचंच कशाला? कारण वसंतात कोहो सरोवराच्या दक्षिण टोकाला, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात असतात आणि तिथे लाल-नारिंगी दिसतो.

रंगाच्या, किंबहुना वेगाच्याही आधी येतं तापमान. लेक ट्राउटला साधारण आठ ते अकरा अंश सेल्सियसचं पाणी मानवतं, शिनूक सॅमनला अकरा ते तेरा. त्या थरात आमिष नसेल तर बाकीची कारागिरी वाया. आणि हा थर काल होता तिथे आज असेलच, ही समजूत सर्वांत महागात पडते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं. त्यामुळे दक्षिणेचा वारा टिकून राहिला की विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याजवळचं कोमट पाणी आत सरोवराकडे सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. उत्तरेच्या वाऱ्याने हेच पलीकडे, मिशिगन राज्याच्या किनाऱ्याला घडतं. काल नव्वद फुटांवर असलेलं दहा अंशांचं पाणी आज तीस फुटांवर सापडू शकतं. गेल्या दोन दिवसांत वारा कुठून होता हे ज्याने पाहिलं त्याचा अर्धा दिवस वाचतो.

आमिषाचा आकार निवडताना “मोठं आमिष, मोठा मासा” हे सूत्र चालतं. ते इथे का डगमगतं ते समजायला थोडा इतिहास लागतो, आणि त्यातच सॅमन या सरोवराचा मूळ मासा आहे हा गैरसमजही निकालात निघतो. वेलंड कालव्याच्या वाटेने सी लॅम्प्रे हा रक्तशोषक जलचर वरच्या सरोवरांत शिरला आणि 1936 मध्ये मिशिगन सरोवरात आढळला. अतिरेकी मासेमारीने आधीच खचलेला लेक ट्राउट 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथून जवळजवळ नाहीसा झाला. वर शिकारी उरला नाही म्हटल्यावर समुद्रातून आलेला एलवाइफ हा लहानसा चंदेरी मासा बेसुमार वाढला. 1967 मध्ये त्याचे ढीग मरून किनाऱ्यांना लागले. लॅम्प्रेच्या पिल्लांना मारणारं टीएफएम हे रसायन 1958 पासून नद्यांत वापरात आलं, 1965 मध्ये लेक ट्राउट पुन्हा सोडायला सुरुवात झाली, आणि मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी 1966 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचा कोहो आणला; 1967 मध्ये शिनूक सॅमनही आला. एलवाइफच्या त्या बेसुमार थव्यांवर हे सॅमन पोसले गेले.

शिनूक आजही मुख्यतः एलवाइफवर जगतो. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात 2003-04 च्या सुमाराला एलवाइफ कोसळले आणि त्यांच्यापाठोपाठ शिनूकही. लेक ट्राउट मात्र तळाच्या गोबी माशाकडे वळला आणि तगला. आमिषाची निवड इथूनच सुरू होते. शिनूकसाठी आमिष त्या काळातल्या एलवाइफएवढं हवं : लहान एलवाइफचे थवे फिरत असताना भलामोठा स्पून दुर्लक्षिला जातो आणि छोट्या स्पूनवर मोठे शिनूक येतात. लेक ट्राउटचा आहार वैविध्यपूर्ण असल्याने त्याच्या बाबतीत तळाशी लगटून चालणं जास्त महत्त्वाचं; गोळा अधूनमधून तळाला टेकून गाळ उडवू लागला तरी बिघडत नाही, उलट तो त्याकडे पाहायला येतो. ऑगस्ट अखेरीस नदीच्या मुखाशी जमलेला शिनूक खाणं थांबवत आलेला असतो, तरी चमकत्या प्लगवर (माशाच्या आकाराच्या आमिषावर) चिडून झेपावतो. तिथे भक्ष्याच्या आकाराचा नियम सुटतो.

“सोडून दिला म्हणजे मासा जगला” ही समजूत सर्वांत कमी तपासली जाते. शिनूक आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि मरतो. लेक ट्राउट अनेक वर्षांनी वयात येतो, वर्षानुवर्षं अंडी घालतो आणि वीस-तीस वर्षं जगू शकतो; हातात आलेला मोठा मासा बोटीवरच्या मुलांपेक्षा वयाने मोठा असण्याची शक्यता असते. जुलैत त्याला नऊ-दहा अंशांच्या पाण्यातून वीस-बावीस अंशांच्या पृष्ठभागावर ओढत आणलं, मग फोटोसाठी हवेत धरून ठेवलं, तर पोहत खाली गेलेला दिसला तरी तो वाचेलच असं नाही. हवेची पिशवी तो तोंडावाटे रिकामी करू शकतो. ऊन आणि कोमट पाणी मात्र त्याला सोसत नाही. सोडायचाच असेल तर जाळीत, पाण्यातच ठेवून पकडीने गळ काढावा आणि लगेच डोकं खाली करून जाऊ द्यावा. न्यायचे तेवढे लेक ट्राउट मिळाले असतील आणि ते लागतच असतील, तर गोळे तळावरून उचलून सॅमनच्या थरात न्यावेत आणि वेग अडीचच्या पुढे करावा.