हॅलोजनांच्या विस्थापन विक्रिया

हॅलोजनांच्या विस्थापन विक्रिया : हॅलोजन गटातील अधिक विक्रियाशील मूलद्रव्याने त्याच गटातील कमी विक्रियाशील मूलद्रव्यास त्याच्या लवणातून मुक्त करणे. पोटॅशियम ब्रोमाइडाच्या वर्णहीन विद्रावात क्लोरिनाचे पाणी घातल्यास मुक्त ब्रोमिनामुळे विद्राव नारिंगी-पिवळा होतो; आयोडाइडाचा विद्राव असल्यास तो तपकिरी होतो व स्टार्च घालताच निळा रंग येतो. ब्रोमीन आयोडिनास मुक्त करते, क्लोरिनास मात्र करीत नाही.

या विक्रियेत क्लोरिनाचा एक रेणू दोन ब्रोमाइड आयनांकडून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घेतो. पोटॅशियमाचे आयन विद्रावात जसेच्या तसे राहतात. म्हणून ‘विस्थापन’ हा शब्द शब्दशः घेण्यासारखा नाही. ही वस्तुतः ऑक्सिडीकरण-क्षपण विक्रिया आहे.

हॅलोजनांचा क्रम त्यांच्या इलेक्ट्रॉन-आसक्तीवरून ठरतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण ते अपुरे आहे. इलेक्ट्रॉन घेताना वायुरूप क्लोरीन अणूंच्या एका मोलातून सु. ३४९ किलोजूल, तर फ्ल्युओरिनाच्या मोलातून सु. ३२८ किलोजूलच ऊर्जा बाहेर पडते. तरीही फ्ल्युओरीन अधिक प्रबळ ऑक्सिडीकारक आहे, कारण त्याच्या रेणूतील बंध दुर्बल असतो आणि लहान फ्ल्युओराइड आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट बांधले जाताना बरीच ऊर्जा मुक्त होते. या सर्वांचा एकत्रित परिणाम प्रमाणभूत क्षपण वर्चसात दिसतो : फ्ल्युओरीन २·८७, क्लोरीन १·३६, ब्रोमीन १·०७ व आयोडीन ०·५४ व्होल्ट. फ्ल्युओरिनाचा प्रयोग जलीय विद्रावात मात्र करता येत नाही. ते पाण्याचेच ऑक्सिडीकरण करते.

ब्रोमिनाचा शोध याच विक्रियेमुळे लागला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान झेरोम बालार (१८०२–७६) हे सागरी शैवलाच्या राखेतील आयोडीन क्लोरीन व स्टार्च यांच्या साहाय्याने शोधीत असताना निळ्या थरावर नारिंगी थर दिसला. माँपेल्ये येथील मिठागरांतील मीठ काढून उरलेल्या पाण्यातही तोच पदार्थ मिळाला. हा शोध १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. लीबिक यांच्याकडे हा द्रव आधीच आला होता. परंतु तो आयोडिनाचे क्लोराइड असावा, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

ब्रोमिनाचे औद्योगिक उत्पादनही असेच होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ब्रोमाइड केवळ सु. ६५ मिग्रॅ. असते. पाणी अम्लीय करून त्यात क्लोरीन सोडतात व मुक्त झालेले बाष्पनशील ब्रोमीन हवेच्या झोताने बाहेर काढतात. मृत समुद्राचे किंवा मिठागरांतील संहत पाणी वापरणे अर्थातच अधिक किफायतशीर ठरते.