सम्राटापुढचा एक गुडघा
राज्याराज्यांमधील संबंध कसे चालावेत याविषयी प्रत्येक संस्कृतीची धारणा निराळी होती, आणि या धारणा समोरासमोर आल्या की ठिणगी बहुधा शिष्टाचारावरून पडे. 1793 मध्ये ब्रिटनचा राजदूत लॉर्ड मॅकार्टनी व्यापारी सवलती मागण्यासाठी चीनचा सम्राट छियनलुंग याच्या भेटीस गेला, तेव्हा त्याने ‘कौटौ’, म्हणजे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावण्याचा विधी, करावा अशी दरबाराची अपेक्षा होती. मॅकार्टनी मात्र स्वतःच्या राजापुढे टेकावा तसा एकच गुडघा टेकण्यावर अडून बसला. चिनी दृष्टीने सम्राट हा जगाचा मध्य होता आणि परराज्ये त्याला नजराणे देऊन व्यापाराची मुभा मिळवीत, त्यामुळे इंग्रजांच्या दुर्बिणी आणि घड्याळेही खंडणीतच जमा धरली गेली. युरोपात 1648 च्या वेस्टफालिया तहानंतर राज्ये कायद्याने समान मानण्याची प्रथा हळूहळू रुजली, जरी ती समानता वसाहतींच्या वाट्याला कधी आली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील बारा राजांचे ‘मंडल’ याहून रोखठोक आहे. त्यात लगतचा शेजारी स्वाभाविक शत्रू, तर त्या शेजाऱ्यापलीकडचा राजा मित्र ठरतो. मॅकार्टनीच्या भेटीकडे परतायचे तर, पेकिंगमध्ये कायमचा वकील, म्हणजे राजप्रतिनिधी, ठेवण्याची ब्रिटिश मागणी सम्राटाने फेटाळली. पुढे पहिल्या अफू युद्धात हरल्यावर 1842 च्या नानकिंग तहाने चीनला पाच बंदरे खुली करावी लागली, हाँगकाँग बेट गमवावे लागले आणि दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार बरोबरीच्या नात्याने होईल, हे कलमही मान्य करावे लागले.